वहिनींना यातून बाहेर कसं काढायचं?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, यात दोन महिने गेले. आज काढतोच.

आम्ही नाशिकच्या पंचवटीतले. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर दादा-वहिनी आणि पुतणी, खाली मी, बायको आणि आई. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दादाचा मुलगा गोदावरीच्या पुरात गेला. अकरावीत होता. क्लासहून येताना घाटाच्या बाजूने आला आणि पाय घसरला, एवढंच आम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी चांदोरीकडे सापडला. ओळख पटवायला मी गेलो होतो. दादाला नेलं नाही.

वहिनी घरातलं सगळं करतात. स्वयंपाक, देवपूजा, पुतणीचा डबा. बाहेरच्याला वाटेल, सावरल्या. पण जून लागला की त्यांची झोप जाते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की व्हॉट्सॲपवर क्युसेकचे आकडे फिरायला लागतात. त्या आकडा वाचतात आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहतात. पहाटेपर्यंत. आवाज दिला तर दचकतात.

त्याची रंगपंचमीची बनियन कपाटात आहे. रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, धप्पा मारून आला होता, ती केशरी झालेली बनियन. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईने ती फडक्यांत टाकली, तर वहिनींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट अस्थींची. रामकुंड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. कुठून कुठून लोक तिथे अस्थी घेऊन येतात. वहिनी तेव्हा एकच वाक्य बोलल्या, "ज्या पाण्याने नेला त्याच पाण्यात परत टाकू?" कलश अजून गच्चीवरच्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधून ठेवलेला आहे. नातेवाईक म्हणतात त्यामुळेच घराला शांती नाही, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून टाका. दादा काहीच बोलत नाही. सकाळी आठला दुकान उघडतो, रात्री दहाला बंद करतो. रविवारीसुद्धा.

डॉक्टरकडे न्यावं का, आणि न्यावं तर कसं? "मी वेडी नाहीये," असं त्या म्हणतात. आणि या वस्तू, कलश वगैरे काढल्याशिवाय त्या बाहेर येणार नाहीत असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का?

वाचनमात्र

काय लिहावं कळत नाही. वाचतोय.

त्र्यंबक_रोड

विधी करून घ्या. नारायणबली हा अकाली, अपघाती गेलेल्यांसाठीच सांगितलेला आहे. तीन दिवस लागतात. माझे काका विहिरीत पडून गेले तेव्हा आम्ही केला होता. आजी त्यानंतर रात्री झोपायला लागली. डॉक्टरला विरोध नाही, पण ज्या गोष्टीला आपल्याकडे वाट आहे ती वाट आधी चालून बघावी. अस्थी अशा अडकवून ठेवू नयेत.

पिंपळपान

तीन वर्षं म्हणजे खूप झाली हो. मुलीकडे बघून तरी सावरायला हवं. माझ्या मते त्याचं सगळं सामान एकदाच उचलून आश्रमात देऊन टाका. वहिनींना कुठेतरी गुंतवा. भजनी मंडळ, शिवणक्लास. वय असेल तर दत्तक मुलाचाही विचार करा. घर बदलता आलं तर फारच उत्तम, नदी डोळ्यांसमोर नको.

ओझरची_सुमा

पिंपळपान, तुम्ही चांगल्या मनानेच लिहिलंय हे कळतं. तरी सांगते, कारण मी त्या जागेवर आहे. माझी मुलगी दरडीत गेली. माझ्या माहेरी, कोकणात, सुट्टीला गेली होती. आठ वर्षं झाली.

"दुसऱ्याकडे बघून सावर" हे मला किमान शंभर जणांनी सांगितलं असेल. माझा मुलगा होताच की समोर. मी त्याच्याकडे बघतच होते. पण एका लेकराकडे बघून दुसऱ्याची जागा भरत नाही. आणि सामान! मी माहेरून परत येईपर्यंत माझ्या नणंदेने प्रेमापोटी तिचं कपाट रिकामं केलं होतं. मला बघवणार नाही म्हणून. तिची कंपासपेटी, केसांचे बो, सगळं गेलं. आठ वर्षांत मी नणंदेला एकदाही बोलले नाही, आणि आठ वर्षांत एकदाही विसरले नाही. मला एक बो मिळाला तो पलंगाच्या फटीत. त्याला तिचा एक केस गुंतलेला आहे.

गोदाकाठचा, दादा, बनियनीला हात लावू देऊ नका कोणाला. तुमच्या आईंनाही नीट समजावून सांगा.

अजून एक. तुम्ही बनियनीचा रंग लिहिलात, धरण लिहिलंत, गाव लिहिलंत. त्याचं नाव कुठे आहे?

गोदाकाठचा

सुमाताई, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि दुकानाच्या मागे जाऊन बसलो. खरंच नाव लिहिलं नाही. आमच्या घरात तीन वर्षांत कोणी घेतलेलं नाही. "त्याची पुस्तकं", "तो असताना", असंच बोलतो आम्ही. वहिनींना त्रास नको म्हणून.

सोहम. सोहम नाव होतं.

ओझरची_सुमा

सोहम. छान नाव आहे. कसा होता? एखादी गंमत सांगा त्याची.

गोदाकाठचा

सांगतो. पाचवीत होता. कारल्याची भाजी अजिबात चालायची नाही. वहिनी ताट चाटूनपुसून साफ झाल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. तर हा रोज शहाण्यासारखं ताट साफ करायचा. वहिनी खूश, "बघा, माझा लेक कारलं खायला लागला." दोन महिन्यांनी देवघरातून वास यायला लागला. याने प्लॅस्टिकच्या डबीत भरून सगळी कारली गणपतीच्या मागे ठेवली होती. विचारलं तर म्हणतो, "बाप्पाला कडू चालतं का बघत होतो."

वाचनमात्र

बाप्पाला कडू! वाह रे सोहम.

सातपूरकर

हसता हसता डोळे भरले. आमच्याकडे असाच एक आहे, वाटाणे खिशात भरून वॉशिंग मशीनमध्ये पाठवणारा. आज त्याला ओरडणार नाही.

मनोवैद्य

मी मानसोपचारात काम करते. इथून निदान करता येत नाही आणि करणारही नाही. पण प्रश्न नीट विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वहिनींच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक शोक, दुसरा आघात. आजारपणात मूल गेलं तर शोक असतो. पूर, भूकंप, आग, चेंगराचेंगरी यात गेलं की त्याला आघाताची जोड मिळते. विसर्गाचा आकडा वाचून रात्रभर उभं राहणं, हाकेने दचकणं, ठरावीक महिन्यांत झोप उडणं, ही आघाताची खूण आहे. शरीर अजून त्या रात्रीच्या पहाऱ्यावर उभं आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. नुसतं "पावसाचा विचार करू नका" म्हणून ते जात नाही.

शोकाचं म्हणाल तर तीन वर्षांनी रडू येणं, वस्तू जपणं हा आजार नाही. पण काहींचा शोक पहिल्या दिवसाच्याच तीव्रतेने अडकून राहतो. रोज, दिवसभर, सगळं आयुष्य त्याच्याभोवती. जागतिक आरोग्य संघटनेच्या ११व्या आजार-वर्गीकरणात याची वेगळी नोंद झाली आहे. तिथे किमान सहा महिने हा निकष आहे, आणि शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असायला हवा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२च्या नियमावलीत प्रौढांसाठी एक वर्ष आहे. म्हणजे शास्त्रसुद्धा तेराव्याला निकाल लावत नाही.

गोळ्यांबद्दल. नैराश्य असेल तर गोळ्या जरूर उपयोगी पडतात. शोक मात्र गोळीने हटत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हेच दिसलं. शोकासाठीच आखलेल्या समुपदेशनाने शोक हलका झाला. सोबत गोळी दिल्याने शोक आणखी हलका झाला असं दिसलं नाही, नैराश्याची लक्षणं मात्र कमी झाली. म्हणून डॉक्टर निवडताना विचारा, "बोलून उपचार करणारं कोणी तुमच्याकडे आहे का?"

"पाच टप्पे" म्हणून जे सगळीकडे फिरतं ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल मांडलं गेलं होतं. मूल गेलेल्या आईला टप्प्यांचं वेळापत्रक लावू नका.

आणि हे हलक्यात घेऊ नये यासाठी एकच सांगते. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या हजारो पालकांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या, २००३ साली ते प्रसिद्ध झालं. अशा आयांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं आढळलं. पहिल्या तीन वर्षांत अनैसर्गिक कारणांनी होणारे मृत्यू तर कितीतरी पटींनी. तेव्हा वहिनींना आणि दादांना सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का कधी?" विचारल्याने डोक्यात नसलेलं काही येत नाही. उलट कोणीतरी विचारलं याचा धीर येतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला. वहिनी बोलत नसतील तर तुम्ही करा. घरचे कसं वागू हे विचारायलाही करता येतो. सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. "वेड्याचा डॉक्टर" म्हणून नेऊ नका. "तुम्हाला पावसाळ्यात झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू," म्हणून न्या. ते खरंही आहे.

त्र्यंबक_रोड

डॉक्टरताई, मग विधीचं काय? अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यायचं?

मनोवैद्य

अजिबात नाही. विधीत नाव घेतलं जातं, गोत्र घेतलं जातं, पिंड ठेवला जातो, चार माणसं तीन दिवस सोबत असतात. तुमच्या आजीला झोप लागली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझं म्हणणं इतकंच, की वहिनींना तो हवा असेल तेव्हा व्हावा. "तुझ्या हट्टामुळे घराला शांती नाही, पोराला गती नाही," असं सांगून करायला लावला, तर त्या आईच्या डोक्यावर अजून एक दगड ठेवला.

त्र्यंबक_रोड

हे पटलं. आमच्या आजीने स्वतःच मागितला होता, ही गोष्ट लिहिताना माझ्या लक्षात आली नाही.

इंदिरानगरवाली

जरा वेगळा मुद्दा. दरवर्षी बघते. पाणी वाढलं की अर्धं नाशिक होळकर पुलावर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाणी किती चढलं ते बघायचं. कमरेला लागलं, छातीला लागलं, आता नारोशंकर मंदिराच्या घंटेला लागतंय का, मोबाईल वर करून रील. लहान लहान पोरं कठड्यावर चढलेली. १९६९चा पूर माझ्या सासूबाईंनी बघितला, २००८चा आणि २०१९चा मी. सराफ बाजारात पाणी शिरताना लोक हसत व्हिडिओ काढत होते. एवढ्या मोठ्या पुरात पोरांना पाणी बघायला सोडतातच कसे? आई-बापाचं लक्ष नसतं हेच खरं.

सातपूरकर

पोलीस तरी किती जणांना हाकलणार. २०१६ला मी स्वतः बघितलं, गाडगे महाराज पुलाकडे दोरी बांधली होती, खालून वाकून जात होते लोक.

पिंपळपान

नुसता दंड नको, मोबाईल जप्त करा. पण मूळ विषयावर या मंडळी.

निवृत्त_तलाठी

मूळ विषयावरच लिहितो. तीस वर्षं महसुलात होतो. आपत्तीत माणूस गेलं की पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाचा जबाब आणि मग सानुग्रह अनुदान. सध्या ४ लाख रुपये मिळतात. वेळेत मिळावेत म्हणून आम्ही धावपळ करायचो, त्यात चूक काही नव्हती. पण एक प्रसंग डोक्यातून जात नाही.

एका शेतकऱ्याचा मुलगा ओढ्याच्या पुरात गेला होता. आठवडाभरात धनादेश तयार झाला. मोठे लोक आले, फोटो काढायचा होता. त्याला सांगितलं, धनादेश जरा वर धरा, इकडे बघा. त्याने धरला. फोटो झाला. गाड्या गेल्या. मी सही घ्यायला थांबलो, तर तो मला विचारतो, "भाऊसाहेब, हा बँकेत टाकला म्हणजे मी हो म्हटल्यासारखं होईल का?" कशाला हो, ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हणालो, टाका, मुदत संपेल. त्याच्या बायकोला त्या दिवसात कोणी भेटलं का, ती जेवली का, हे ना माझ्या नमुन्यात होतं ना मी विचारलं.

गोदाकाठचा, तुमच्या दादाने पैशाचं काय केलं हे कधी हळूच विचारा. पुष्कळ बाप त्यात कुजतात.

गोदाकाठचा

भाऊसाहेब, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते पैसे दादाने तसेच ठेवलेत. दुकानाला गरज असताना व्याजाने पैसे काढले, पण त्याला हात लावला नाही.

किल्लारीकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. नोकरीसाठी नाशकात येऊन बावीस वर्षं झाली, अंबडला कारखान्यात आहे. पण नाव किल्लारीकरच लावतो.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. आमच्याकडची घरं दगड-मातीची, जाड भिंती, वर मातीचं माळवद. ते सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. मी अकरा वर्षांचा होतो. दाराजवळ झोपलो होतो म्हणून निघालो. माझी धाकटी बहीण, चिमी, सहा वर्षांची. आईच्या कुशीतून तिला ओढून काढली तेव्हा आई जिवंत होती आणि चिमी नव्हती.

मदत खूप आली. धान्य, कपडे, पत्र्याची शेड, पुढे नवीन गाव, सरळ रेषेतली घरं. मदत करणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही, त्यांच्यामुळे जगलो. पण आई नवीन घरात झोपलीच नाही. दहा-बारा वर्षं अंगणात झोपायची. थंडीत, पावसात ओसरीला. डोक्यावर स्लॅब नको. लोक हसायचे. आज डॉक्टरताईंचं "शरीर अजून पहाऱ्यावर आहे" हे वाचलं आणि पहिल्यांदा कळलं की आई काय करत होती. ती मला राखत होती. माझी चटई ती तिच्या शेजारी अंगणात टाकायची.

आता जे लिहायला आलो ते. मी वाचलो, म्हणून मला कधी आजारी पडता आलं नाही. मला ताप आला की आईचा चेहरा राखेसारखा व्हायचा. मी मार्क चांगले आणले तर ती रडायची, कमी आणले तरी रडायची. शाळेत गाणं म्हटलं, ती आली नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, आईने तिला मांडीवर घेतलं आणि पहिली हाक मारली ती "चिमे". मला राग आला होता त्या दिवशी. आता नाही येत.

गोदाकाठचा, तुमच्या पुतणीचं वय काय? तिच्याबद्दल तुम्ही फक्त डब्याचा उल्लेख केलात. तिला कोणी विचारलंय का?

ग्रंथपाल

किल्लारीकर, हात जोडतो तुम्हाला.

तुमच्यामुळे वेल्समधलं ॲबरफॅन आठवलं. २१ ऑक्टोबर १९६६, कोळशाच्या खाणीतल्या मातीचा डोंगर पावसाने सुटला आणि शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. तिथे वाचलेली मुलं पुढे सांगत, की आम्ही रस्त्यावर खेळायला जात नसू. ज्यांची मुलं गेली त्यांना आम्हाला बघून त्रास होईल म्हणून. एवढ्याशा पोरांनी स्वतःहून खेळ बंद केला. वाचलेल्यांची तीसेक वर्षांनंतर तपासणी झाली तेव्हाही बऱ्याच जणांमध्ये आघाताची लक्षणं सापडली.

आणि पालकांचे हाल बघा. लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतून पैसे देण्याआधी, आई-बाप मुलाच्या किती जवळचे होते हे तपासावं, असाही विषय तिथे निघाला होता. वर उरलेले ढिगारे हलवायला त्याच निधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं. आपल्याकडे कुंभकोणमला १६ जुलै २००४ला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, तिथले आई-बाप तर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. माणूस रागावलेला असतो आणि आपण त्याला शोक आवर म्हणतो. पुष्कळदा त्याला कोणीतरी "ही चूक होती" एवढं म्हणायला हवं असतं.

सातपूरकर

दादांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा मुलगा गेला होता. तो डबल शिफ्ट मागून घ्यायचा. साहेब म्हणायचे, कमाल आहे गड्याची, किती लवकर सावरला. मी एक दिवस रात्रपाळी संपल्यावर त्याच्याबरोबर गेटबाहेर चहाला थांबलो. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पण थांबलो. अकराव्या का बाराव्या दिवशी तो बोलला. म्हणाला, घरी गेलो की ती माझ्याकडे बघते आणि तिला तो दिसतो, म्हणून मी घरी जात नाही.

बायको रडते, नवरा दुकान उघडतो. दोघांना वाटतं दुसऱ्याला काही वाटत नाही. रात्री दहाला शटर ओढायच्या वेळी जाऊन बसा दादांजवळ. चहा घेऊन.

गोदाकाठचा

सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. पुतणी नववीत आहे, गार्गी. किल्लारीकर दादा, तुमचं वाचल्यावर मी तिला विचारलं, "तुला कसं वाटतं गं?" ती म्हणाली, "काका, मला पोहायला शिकायचंय. पण आईला कसं विचारू?" मला वाटलं होतं ती काहीतरी अभ्यासाचं सांगेल. तीन वर्षं ही पोर एवढीशी गोष्ट पोटात घेऊन फिरतेय.

पाऊस जोरात आहे. पुढचं काही झालं की लिहीन.

पिंपळपान

माझा पहिला प्रतिसाद आज परत वाचला. घर बदला, सामान द्या, दत्तक घ्या. किती सहज लिहिलं मी. सुमाताई, तुमच्या नणंदेसारखीच चूक केली मी. राहू दे तो तसाच, खोडत नाही.

ओझरची_सुमा

असू द्या हो. तुम्ही परत येऊन वाचलंत, तेवढं पुष्कळ.

गोदाकाठचा

तीन आठवडे झाले. लिहायला वेळ लागला, कारण जे कळलं ते पचायला वेळ लागला.

गेल्या बुधवारी रात्री विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला. वहिनी गॅलरीत. मी वर गेलो, खुर्ची घेतली आणि शेजारी बसलो. बायकोने चहा आणून ठेवला. अर्धा तास कोणी बोललं नाही. मग मी म्हणालो, "वहिनी, सोहमने कारली गणपतीच्या मागे ठेवली होती, आठवतं?"

मला वाटलं कोसळतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, इतक्या नवलाने, जणू मी कुठून तरी परत आलोय. आणि हसल्या. मग म्हणाल्या, "डबी निळी होती." मग रडायला लागल्या. आणि मग बोलल्या.

तो क्लासहून येताना घसरला, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नव्हतं. त्याने वहिनींना फोन केला होता. "आई, मारुतीच्या छातीला पाणी लागलंय म्हणे, बघून येऊ का? दहा मिनिटं." आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "जा, पण लवकर ये, भजी तळायला घेतलीत." तीन वर्षं हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. दादालासुद्धा नाही. "मी नको म्हटलं असतं तर." त्या रात्री हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं, मोजलं नाही. भजी आमच्या घरात तेव्हापासून झालेली नाहीत, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं होतं, त्याचं कारण आत्ता कळलं.

दादा जिन्यात उभा होता. दुकान बंद करून येत होता, त्याने सगळं ऐकलं. मी घाबरलो. तो आत आला, त्यांच्यापाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मला पण केला होता गं फोन. मी कटकट नको म्हणून उचलला नाही."

मी खाली निघून आलो. पहाटे दोघं गॅलरीतच बसलेले होते.

इंदिरानगरवाली

मी वर काय लिहिलं होतं ते आठवून हात थरथरतायत. "आई-बापाचं लक्ष नसतं." दादा, मनापासून माफी मागते. वहिनींनी ते वाचलं नसेल अशी आशा आहे. आमच्या लहानपणी आम्हीसुद्धा वडिलांचा हात धरून मारुती बघायलाच जायचो. नाशकातल्या कुठल्या घरातून पोरगं गेलेलं नाही?

मनोवैद्य

ही अपराधाची गाठ होती. अशा बहुतेक आई-बापांजवळ एक असतेच. एक फोन, एक हो, एक नाही. बाहेरून ती दिसत नाही, बाहेरून फक्त बनियन आणि कलश दिसतो. आता घाईने "तुमची काही चूक नव्हती" म्हणून ती झाकू नका. त्यांना परत परत सांगू द्या. यापुढचं काम तज्ज्ञ माणसासोबत करणं चांगलं, कारण त्या दोघांनी उघडलेलं फार मोठं आहे. वेळ घेतली का?

गोदाकाठचा

घेतली. आधी १४४१६ला मीच फोन केला, गच्चीवर जाऊन. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मग सिव्हिलला गुरुवारी जायचं ठरलं. वहिनींना "झोपेसाठी" म्हणूनच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांना पण न्या, ह्यांना कुठे झोप लागते." दादा गुरुवारी दुकान बंद ठेवणार आहे. दुकान सुरू केल्यापासून असं कामाच्या दिवशी बंद ठेवायची पहिलीच वेळ.

गार्गीच्या पोहण्याचं अजून विचारलेलं नाही. ते वहिनींना एकदम जड जाईल असं वाटतं.

कलशाचं मी काढलंच नाही. त्यांनीच काढलं. म्हणाल्या, "पाऊस थांबू दे. मग मी सांगते कुठे." आईला मी सांगितलंय, आता यावर कोणी काही बोलायचं नाही.

सुमाताई, वहिनींना तुमच्याबद्दल सांगितलं, बो आणि केसाचं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना भेटता येईल का?" तुम्हाला जमणार असेल तर.

किल्लारीकर

गार्गीला सांगा, अंबडच्या काकाने विचारलंय. पोहण्याचं जमलं की मला कळवायचं.

ओझरची_सुमा

जमेल म्हणजे काय, येतेच. गुरुवारी दवाखान्याचा थकवा असेल, म्हणून शुक्रवारी येते. दुपारी तीनपर्यंत पोचेन. माझ्या मुलीचा फोटो आणि तो बो आणते. वहिनींना म्हणावं, बनियन दाखवाल ना मला, आणि सोहमचं अजून काय काय आहे ते सगळं.